पांढऱ्यावर पांढरी

धोंडाळा, जि. यवतमाळ
४ नोव्हेंबर २०१२

प्रिय अव्या,

तुझा फोन आला होता. कामवाल्या बाईंनी तो माझ्या कानाला लावला आणि मला नेहमीसारखी नुसती शिट्टी ऐकू आली. तीस वर्षं खाणीतल्या सुरुंगांशेजारी काढल्यावर दुसरं काय होणार? डावा कान पूर्ण गेला, उजवा रुपयात चार आणे शिल्लक आहे. तेव्हा यापुढे पत्र लिही. पनवेलच्या शाळेत एका बाकावर बसून तू माझ्या वहीतलं उतरवून घ्यायचास, त्यामुळे लिहायची सवय तुला आहे.

कामाचं सांगतो. सिमेंट कारखान्यातून सर्व्हेअर म्हणून निवृत्त होऊन मला दोन वर्षं झाली, तरी वसाहतीतलं क्वार्टर अजून माझ्याकडे आहे. कागदावर मी 'सल्लागार' आहे. खरं तर मी आधीच्या साहेबांची मेहेरबानी आहे. आता नवे मॅनेजर आले आहेत, शैलेश नावाचे. वय चाळीस, रोज पहाटे अर्ध्या चड्डीत पळतात. क्वार्टर रिकामं करण्याची नोटीस त्यांच्या टेबलावर टाइप होऊन पडली आहे, हे मला शिपायानं सांगितलं. रमा याच घरात गेली, तिची तुळस अजून मागच्या दारी आहे. मी इथून हलणार नाही.

साहेबांना वसाहतीत पळण्याचा एक दिवस भरवायचा आहे, बाहेरची मंडळी बोलावून. ते म्हणाले, विनायकराव, तुम्ही इथले जुने, एखादी सोपी आणि देखणी वाट काढा. मी काढली. फाटकातून निघालं की दोन किलोमीटर कापसाची शेतं. मग चुनखडीचं पठार लागतं. आपल्याकडचा काळा कातळ बघितलेल्या माणसाला तो दगड खराच वाटणार नाही, इतका पांढरा. पाण्यानं त्यात वाट्या आणि पन्हळी कोरल्या आहेत. वाट पठारावर एका पळसापाशी डावीकडे वळते, सागाच्या रानातून पैनगंगेच्या काठाला उतरते आणि परत फिरते. एकूण अकरा किलोमीटर. चढ म्हणावा असा एकही नाही.

तुझी ती धावणारी फलटण घेऊन ये. जेवण्याराहण्याचं कारखाना बघेल. मित्राचं घर वाचेल आणि तुझ्या लोकांचे फोटो निघतील.

तुझा,
विनायक

•

खांदा कॉलनी, नवीन पनवेल
१८ नोव्हेंबर २०१२

प्रिय विन्या,

बहिऱ्या, तुझं पत्र वाचून फार बरं वाटलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तू माझ्याकडे काही मागितलंस. नाही म्हणण्याचा मोह झाला होता, पण कुमुद म्हणाली, एकटा पडलेला माणूस आहे, जा. बायकोपुढे माझं काय चालतं?

आमच्या 'रविवार मंडळी'त आता चाळीस डोकी आहेत. बँकवाले, दोन डॉक्टर, बाकी आयटीतले. दर रविवारी पाताळगंगेच्या काठानं आपट्यापर्यंत पळतात, तिथं मिसळ चापतात आणि गाडीत बसून परत येतात. गेली बारा वर्षं मी त्यांना पळवतोय. पुढच्या वर्षी शाळेतून निवृत्त होईन, तोवर जिल्हा क्रीडा समितीवर नाव लागावं असे प्रयत्न चालू आहेत. तुझ्या साहेबाच्या कारखान्याचा एक कार्यक्रम माझ्या नावावर असला तर ते सोपं जाईल. म्हणजे दोघांचाही स्वार्थ, तेव्हा उपकार कुणाचेच नाहीत.

वाट आखायला काशिराम येईल. हा आमच्या शाळेचा मैदानवाला. मूळचा उरणकडचा कोळी. खाडीत मासळी राहिली नाही म्हणून होडी विकून रोडपालीला येऊन राहिला. बायको नाही. बापलेक दोघंच. फक्कीची रेघ मारावी तर त्यानंच, दोरी न लावता सरळ मारतो. आमच्या सगळ्या वाटांवर वळणावळणाला त्याच्या फक्कीचे बाण असतात. काळ्या दगडावर पांढरा चुना, अर्ध्या किलोमीटरवरून दिसतो.

त्याची पोरगी किशोरी एकोणीस वर्षांची आहे. वाऱ्यासारखी पळते. मार्चमध्ये पोलीस भरती आहे आणि ती त्यात नक्की निघणार, मी स्वतः घड्याळ लावून बघितलंय. काशिरामला तर आत्तापासून तिच्या खाकी गणवेशाची स्वप्नं पडतात. ती मंडळाची सभासद नाही, पण मी तिला सगळ्यांच्या पुढे सोडतो. ससा पुढे पळाला की मागची कासवं जरा हलतात.

एक विचारायचं राहिलं. वाटेवर खड्डेबिड्डे नाहीत ना? आमच्यात दोन बायका गुडघे बदललेल्या आहेत.

तुझा,
अविनाश

•

धोंडाळा
९ डिसेंबर २०१२

प्रिय अव्या,

सोबत नकाशा आहे. हातानं काढलाय, पण मापं अचूक आहेत. पंचवीस वर्षं मी ही जमीन साखळीनं मोजली आहे आणि तू मला खड्डे विचारतोस? साहेबांनी नकाशा बघितला, आवडला. त्यांनी त्याची एक प्रत आपल्या खोलीत लावली आहे. नोटिशीचा कागद टेबलावरून खणात गेला, असं शिपाई म्हणतो.

वाट मी स्वतः झाडून घेतली. पठारावर जिथं जिथं गुराख्यांचं काही अस्ताव्यस्त पडलं होतं ते उचलायला लावलं. साहेबांना स्वच्छ आवडतं.

तारीख रविवार, १३ जानेवारी. दुपारी दगडावर ऊन पडलं की डोळे दिपतात. काळे चष्मे आणा.

तुझा,
विनायक

•

खांदा कॉलनी
२७ डिसेंबर २०१२

प्रिय विन्या,

नकाशा मिळाला. काय सुरेख काढलायस, शाळेत असा काढला असतास तर भूगोलात तुला माझ्यापेक्षा दोन मार्क कमी पडले नसते.

काशिरामला दाखवला. मी सांगितलं, तिथला दगड पांढराफेक आहे, बघशील तर बघतच राहशील. तर त्याला कौतुक सोडून भलतंच सुचलं. म्हणतो, "सर, धोंडा पांढरा, फक्की पांढरी. नाय दिसाची. आमी दर्यात टाकलेल्या जाल्यावर काला बावटा लावतो. लांबसून दिसते तो." मी म्हटलं, काशिराम, आपण मासे धरायला चाललोय का? मंडळी हसून लोळली. आता त्याला सगळे 'बावटा' म्हणतात. मंडळीतली रिया तर त्याला फोन करते तेव्हाही 'हॅलो बावटा अंकल' म्हणते. तो बिचारा हसतो.

पण मला ते रुचलं नाही, तुला म्हणून सांगतो. बारा वर्षं मी फक्की वापरतोय. आता मैदानवाला मला शिकवणार? आणि पाहुण्यांसाठी सजवलेल्या वाटेवर काळे झेंडे? लोकांना वाटेल मंत्र्याचा निषेध चाललाय. मी त्याला स्पष्ट सांगितलं, दोन गोणी फक्की घे, आणि तोंड बंद ठेव.

शनिवारी दुपारी पोचतो. मिनीबस ठरली आहे.

तुझा,
अविनाश

•

खांदा कॉलनी
२ फेब्रुवारी २०१३

प्रिय विनायक,

तीन आठवडे पत्र लिहायला बसतो आणि उठतो. तुझंही आलं नाही.

किशोरीला यवतमाळहून इथं आणलं. घोट्याची दोन हाडं मोडली होती आणि पठारावरच्या त्या भोकात तीन तास पडून राहिल्यामुळे जखमेत माती गेली. डॉक्टरांनी पाय वाचवला. घोटा मात्र आता वळणार नाही. ती चालेल. पळणार नाही. भरतीचं सांगायलाच नको.

शाळेच्या संस्थेनं माझ्याकडे लेखी खुलासा मागितला आहे. कार्यक्रमाच्या पत्रिकेवर शाळेचं नाव होतं ना. क्रीडा समितीची बैठक एप्रिलमध्ये आहे आणि ही गोष्ट तिथवर गेली तर माझं नाव कापलं जाईल. मला झोप लागत नाही, विन्या. पोरीबद्दल वाईट वाटतं, पण खरं सांगायचं तर झोप माझ्या नावापायी लागत नाही.

आता मनातलं बोलतो. ते भोक तुझ्या नकाशात नव्हतं. बारा फूट खोल विवर, तोंडाशी गवत वाढलेलं, पळसापासून सरळ चाळीस पावलांवर, आणि पंचवीस वर्षं साखळीनं जमीन मोजलेल्या माणसाला ते ठाऊक नव्हतं? पोरीला वर काढताना एक गुराखी दोरी घेऊन आला होता, बळीराम नावाचा. त्यानं मला काय सांगितलं ते ऐक. म्हणाला, "त्या भोकाभवती आमी दरसाल बोरीचे काटे लावतो जी, ढोरं पडू नये म्हणून. औंदा साहेबानंच काढाले लावले." मी विचारलं कुठल्या साहेबानं. त्यानं तुझ्याकडे बोट केलं.

गुराख्यांचं अस्ताव्यस्त उचलायला लावलं म्हणून तू लिहिलं होतंस, ते हेच ना? तुझं ते पत्र माझ्याकडे जपून ठेवलेलं आहे. खुलाशासोबत जोडायचं नसेल तर काय करायचं ते तूच सुचव.

तुझा,
अविनाश

•

धोंडाळा
१४ फेब्रुवारी २०१३

प्रिय अव्या,

पत्र जोडायचं तर जोड. काटे मी काढायला लावले, हे खरं आहे. पळसापासून वाट डावीकडे वळते, भोक सरळ रेषेत आहे. वळणावरची खूण दिसली तर कुणी तिकडे जाण्याचं कारण नाही, असा माझा हिशेब होता. नकाशात भोक दाखवलं असतं तर साहेब म्हणाले असते, ही कसली सोपी वाट?

आता तुला एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे. माझे कान गेले, पण मी अगदीच वाळीत पडलेलो नाही. खाणीत मशिनांच्या आवाजात कुणाचं बोलणं कधीच ऐकू यायचं नाही, म्हणून आम्ही तोंडाकडे बघून बोलणं ओळखायचो. तीस वर्षांत ती विद्या चांगली साधली. समोर तोंड असलं आणि उजेड असला, तर पन्नास फुटांवरचं मला कळतं. हे मी कुणाला सांगत नाही. बहिऱ्यासमोर लोक मोकळे बोलतात.

शनिवारी संध्याकाळी काशिराम भटारखान्यातून घमेलंभर कोळशाचा चुरा घेऊन आला. तुला म्हणाला, "सर, वलनावर तरी काला टाकू द्या." तू म्हणालास, फोटोत घाण दिसेल, टाकून दे. त्यानं घमेलं गटारात उपडं केलं. मी व्हरांड्यात होतो.

रविवारी सकाळी सात वाजता तू एकटा पठाराच्या तोंडापर्यंत जाऊन आलास. तुझा चेहरा उतरला होता. फक्की दिसत नव्हती, बरोबर? साहेब आठ वाजता झेंडा दाखवणार होते. तू किशोरीला फाटकाशी बोलावलंस. मी समोर खुर्चीवर चहा घेत होतो. तू म्हणालास, "पुढे पळ. खुणा दिसतात का बघ. नाही दिसल्या तर परत ये. आणि कुणाला बोलू नकोस." ती हसून पळाली. साहेबांचं भाषण लांबलं, ती परत आली नाही, आणि तू माइकवर जाहीर केलंस की पाहुण्यांच्या सोयीसाठी आजची धाव बैलगाडीच्या रस्त्यानं होईल. चाळीस माणसं सुखरूप रस्त्यानं गेली आणि आली.

काशिराम पोहे वाटत होता. त्यानं तुला तीनदा विचारलं, "पोरगी कुटं हाय, सर?" तू तिन्ही वेळा म्हणालास, पुढे गेलीय, येईल. बक्षिसं वाटून झाल्यावर तो स्वतःच शोधायला निघाला. अकरा वाजता.

मी हे कुणाला सांगणार नाही. मला सांगायची गरज पडू नये, एवढंच. आपण दोघांनी एकमेकांचे कागद काढत बसण्यात शहाणपण नाही, झाकली मूठ सव्वा लाखाची. विचार एवढाच कर की फक्की कुणी टाकली? तू नाहीस. मी नाही.

तुझा,
विनायक

•

खांदा कॉलनी
१० मार्च २०१३

प्रिय विन्या,

तुझं पत्र वाचून दोन दिवस तुला शिव्या घालत होतो. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की तू पहिल्यापासून माझ्यापेक्षा हुशार, उगाच भूगोलाचे दोन मार्क मिरवत होतो.

काम झालं. कसं झालं ते सांगतो, म्हणजे तू मला अगदीच राक्षस समजणार नाहीस.

काशिरामला घरी बोलावलं. तो सोफ्यावर बसत नाही, खालीच बसला. मी खुलाशाचा कागद वाचून दाखवला. वाटेवरच्या खुणा मैदान कर्मचाऱ्यानं नीट केल्या नव्हत्या आणि त्याची मुलगी सरावासाठी परवानगीशिवाय एकटी गेली होती, असा साधा मजकूर होता. तो म्हणाला, "सर, रेघ मी जाडच मारलेली."

"मग दिसली का नाही?"

"मी बोल्लो व्हतो ना सर, पांढऱ्यावर पांढरी नाय दिसाची."

मी म्हटलं, "बोलला होतास. म्हणजे तुला माहीत होतं. मला माहीत नव्हतं, काशिराम, मी कधी चुनखडी बघितली नव्हती. तुला माहीत असून तू तीच फक्की टाकलीस. तुझी पोरगी सगळ्यांच्या पुढे पळते, हेही तुला माहीत होतं."

विन्या, मी हे का बोललो मला ठाऊक नाही. म्हणजे ठाऊक आहे. पण ते इतकं चपखल बसेल असं वाटलं नव्हतं. त्यानं आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. मग म्हणाला, "व्हय सर. मना ठाव व्हता. माज्याच हातान झाला." आणि सही केली. सही येते त्याला, पोरीनं शिकवली आहे.

नोकरी मी वाचवली. संस्था काढून टाकायला निघाली होती, मी शब्द टाकला. आता तो मैदानावर नाही, संडास-बाथरूम बघतो. फक्कीला हात लावू द्यायचा नाही असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी उरणला जाऊन तो पापलेटं घेऊन आला. चार मोठी, बर्फात गुंडाळून. दारातच उभा राहून म्हणाला, "तुमी होता म्हून निभावला." कुमुदला काही माहीत नाही. तिनं लगेच तळली. मला वाटलं होतं घास उतरणार नाही. उतरला. ताजी होती.

तुझा,
अविनाश

ता. क. समितीवर नाव जवळपास नक्की आहे.

•

रोडपाली, कळंबोली
३० जून २०१३

आदरणीय विनायक काका,

मी किशोरी, काशिराम मैदानवाल्यांची मुलगी. जानेवारीत तुमच्याकडे आलो होतो. तुमचा पत्ता मी शाळेच्या पत्रिकेवरून घेतला.

माझं बरं आहे. काठी सुटली. लंगडत चालते, पण चालते. एका झेरॉक्सच्या दुकानात बसते. भरतीचा फॉर्म भरून ठेवला होता तो बाबांनी देवाच्या फोटोमागे ठेवला आहे, काढू देत नाहीत.

पायाबद्दल नाही, बाबांबद्दल लिहायचं आहे. काका, ते मार्चपासून उजव्या हातानं जेवत नाहीत. डाव्या हातानं जेवतात. कोणी काही बोललं की म्हणतात, "या हातान पोरीचा पाय तोरला, या हातान अन्न खाऊ?" शाळेत मुलं त्यांना बघून हसतात. ते घरात निजत नाहीत, दाराबाहेर पायरीवर निजतात. माझ्या पायाकडे बघत नाहीत. मी मलम लावायला घेतलं की उठून जातात. पूर्वी आम्ही दोघं खूप बोलायचो.

मी त्यांना खरं सांगितलं. त्या सकाळी सरांनीच मला पुढे पाठवलं होतं, खुणा दिसतात का बघायला. त्यांना आधीच संशय आला होता. खुणा दिसल्या नाहीत म्हणून पळसापाशी मी परत फिरणार होते. मग वाटलं, अजून थोडं पुढे बघावं, सरांना नीट सांगता येईल. बाबा म्हणतात, "सर आसा करनार नाय. तू मना बरा वाटाला पायजे म्हून बोलतेस." माझं ते खरं मानत नाहीत. मी त्यांची मुलगी आहे, म्हणून माझ्या साक्षीला किंमत नाही.

तुम्ही तिथं होता. फाटकासमोर खुर्चीवर. सर माझ्याशी बोलत होते तेव्हा तुम्ही आमच्याकडेच बघत होता. मला माहीत आहे की तुम्हाला ओठांवरचं कळतं. आदल्या संध्याकाळी जेवताना मी लांबून बाबांना नुसते ओठ हलवून म्हटलं होतं, आज एक बांगडा हवा होता. आम्ही होडीवर असंच बोलायचो, इंजिनाचा आवाज असतो म्हणून. तुम्ही दुसऱ्या टोकाला होता आणि तुम्हाला हसू आलं. मग तुम्ही उठून माझ्या ताटात लिंबाचं लोणचं वाढलंत. म्हणालात, बांगडा नाही, यावर भागव. मला तेव्हा तुम्ही फार आवडला होता.

मला तक्रार करायची नाही. पोलिसांत जायचं नाही. सरांना त्रास द्यायचा नाही. बाबांना फक्त एक ओळ लिहून पाठवा की चूक त्यांची नव्हती. तुम्ही मोठे माणूस, तिथले जाणकार, तुमचं ते ऐकतील. ते पत्र मी दुसऱ्या कुणाला दाखवणार नाही, त्यांना वाचून दाखवीन आणि तुम्ही म्हणाल तर फाडून टाकीन. त्यांनी उजव्या हातानं जेवावं, एवढंच मला हवं आहे.

तुमची,
किशोरी

•

धोंडाळा
१० जुलै २०१३

प्रिय अव्या,

समितीवर निवड झाल्याबद्दल अभिनंदन. वर्तमानपत्रातला फोटो बघितला. पोट आत घेऊन उभा होतास.

सोबत एक झेरॉक्स पाठवतो. मुलीनं चांगलं लिहिलं आहे, अक्षरही वळणदार आहे. मूळ पत्र माझ्याकडे राहील. काळजी करू नकोस, तुझ्याकडे जसं माझं डिसेंबरचं पत्र आहे तसंच हे. मैत्री आहे तोवर दोन्ही कागद पेटीतच पडून राहतील. तिला मी उत्तर देतो आहे.

इकडे सगळं ठीक आहे. साहेबांनी क्वार्टर मला हयातभर दिलं, लेखी. रमाची तुळस या वर्षी चांगली फोफावली. त्या भोकाला जाळी बसवली आणि वाट पुन्हा सुरू केली. आता दर रविवारी नागपूरकडची मंडळी पळायला येतात. खुणांसाठी मी शंभर शंभर पावलांवर काठ्या रोवून काळे बावटे लावले. त्या पांढऱ्या दगडावर इतके उठून दिसतात की आंधळ्यालाही चुकता येणार नाही. साहेब खूश झाले. ही कल्पना कुणाची म्हणून विचारलं. मी तुझं नाव सांगितलं. ते तुला आभाराचं पत्र पाठवणार आहेत, समितीच्या फाइलला लावून ठेव.

तुझा,
विनायक

•

धोंडाळा
११ जुलै २०१३

चि. किशोरीस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. तू चालू लागलीस हे वाचून आनंद झाला. दुकानातलं बसून करायचं काम तुला सोसेल, ते सोडू नकोस.

बाळ, तुझा काहीतरी गैरसमज झालेला दिसतो. माझे दोन्ही कान गेले आहेत, हे वसाहतीत कुणालाही विचार. त्या सकाळी सर तुझ्याशी काही बोलले असतील तर ते मला ऐकू येणं शक्य नव्हतं. लोणच्याचं तू लिहितेस ते मला आठवत नाही. कोकणातली माणसं जेवणात मासळी शोधतात एवढं कुणालाही कळतं. जे ऐकलं नाही ते ऐकलं म्हणून लिहून देणं माझ्या तत्त्वात बसत नाही.

तुझ्या बाबांना माझा नमस्कार सांग. त्यांच्या हातून चूक झाली खरी, पण मी ती कधीच मनावर घेतलेली नाही आणि त्यांना मी केव्हाच क्षमा केली आहे, असं मी लिहिल्याचं त्यांना जरूर वाचून दाखव. मोठ्या माणसाचं ते ऐकतात, असं तूच म्हणतेस.

तुझा,
विनायक काका